दोन पासबुके, एक वाट

सांतियागोच्या यात्रेत जॉइंट अकाउंट उघडता येत नाही. नवरा-बायको असा, आई-लेक असा की जन्माचे मित्र असा, यात्रेकरूचा परवाना ज्याचा त्याने वेगळा घ्यायचा. ‘क्रेदेन्सियाल’ नावाची ही जाड कागदाची घडी असते. तिच्यावर आपले नाव आणि निघण्याचे गाव लिहायचे आणि पुढे रोज जिथे मुक्काम पडेल तिथला शिक्का तारखेसह घ्यायचा. कुठे चर्चचा शिक्का, कुठे धर्मशाळेचा, कुठे साध्या कॉफीच्या दुकानाचा. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारखीला ती घडी पाहताक्षणी ओळखीची वाटली. हे तर पासबुकच! फरक एवढाच, की इथे जमा होतात ती पावले, आणि ती दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग करता येत नाहीत.

२०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत माझा नवरा आणि मी ही वाट चाललो. दोघांचेही वय तेव्हा त्रेसष्ट. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी सँ-झाँ-प्ये-द-पोर नावाचे एक टुमदार गाव आहे. तिथून निघायचे, पहिल्याच दिवशी डोंगर ओलांडून स्पेनमध्ये उतरायचे आणि मग सतत पश्चिमेकडे चालत वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेला या शहरी पोचायचे. अंतर सुमारे ७८० किलोमीटर. आम्हाला सदतीस दिवस लागले. स्पॅनिश भाषेत ‘कामिनो’ म्हणजे वाट. युरोपच्या निरनिराळ्या भागांतून सांतियागोला जाणाऱ्या अनेक वाटा आहेत. त्यांतली ही सर्वांत वर्दळीची.

सांतियागो म्हणजे संत याकोब, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. त्याची कबर नवव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सापडली अशी श्रद्धा आहे. ती कितपत खरी, हा वाद इतिहासकारांचा. पण कबरीच्या बातमीने युरोपभरची माणसे घराबाहेर पडली आणि त्यांच्यासाठी वाटेवर पूल, रुग्णालये, धर्मशाळा, गावे उभी राहिली, याबद्दल वाद नाही. बाराव्या शतकातल्या एका हस्तलिखित ग्रंथात तर यात्रेकरूंसाठी चक्क मार्गदर्शिका आहे. कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोणत्या नदीचे पिऊ नये, कुठले नावाडी लुबाडतात, सगळे त्यात लिहिले आहे. हा ग्रंथ २०११ साली सांतियागोच्या कॅथीड्रलमधून चोरीला गेला आणि वर्षभराने तिथेच पूर्वी काम केलेल्या एका इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये सापडला. कादंबरीत असा प्रसंग घातला असता, तर संपादकांनी अविश्वसनीय म्हणून कापला असता.

मधल्या काही शतकांत ही वाट जवळजवळ मोडली. १९८५ साली सांतियागोला पोचल्याचे प्रमाणपत्र घेणारे यात्रेकरू होते अवघे ६९०. २०२४ साली, सगळ्या वाटांचे मिळून, ते पाच लाखांच्या घरात गेले. या पुनरुज्जीवनामागे युरोपीय संस्थांचे ठराव आहेत, पर्यटन खाते आहे, सिनेमे-पुस्तके आहेत. पण माझ्या मते सर्वांत मोठा वाटा ओ सेब्रेइरो या डोंगरमाथ्यावरच्या खेड्यातल्या एलियास वालिन्या या पाद्र्याचा. याने १९८० च्या दशकात रस्त्याच्या कामाचा पिवळा रंग मिळवला आणि आपल्या गाडीतून हिंडत झाडांवर, दगडांवर, गोठ्यांच्या भिंतींवर बाण रंगवले. आजही वाट दाखवतात ते पिवळे बाणच. नकाशा हातात न घेता आम्ही एक अख्खा देश आडवा चाललो तो या बाणांच्या भरवशावर.

आम्ही दोघेही ख्रिश्चन नाही. मग ही वाट कशी सुचली? तर एका पंधराव्या शतकातल्या बाईमुळे. निवृत्तीनंतर पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला मार्जरी केम्प हिचे आत्मकथन मिळाले. इंग्लंडमधल्या लिन या बंदराच्या गावची ही बाई. मद्य गाळण्याचा धंदा केला, तो बुडाला. घोड्यांवर चालणारी पिठाची गिरणी घातली, तीही बुडाली. चौदा मुले झाली. मग देवाचे वेड लागले आणि ती यात्रांना निघाली. जेरुसलेम, रोम आणि १४१७ साली ब्रिस्टलहून जहाजाने सांतियागो. तिने आयुष्याची ही कथा तोंडी सांगून लिहवून घेतली. इंग्रजीतले पहिले आत्मचरित्र म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि त्याची संपूर्ण हस्तलिखित प्रत सापडली ती थेट १९३४ साली.

मला या पुस्तकात धरून ठेवले ते एका तहाने. मध्ययुगीन चर्चच्या नियमांनुसार विवाहित माणसाला लांबच्या यात्रेचा नवस करायचा तर जोडीदाराची संमती लागे. मार्जरीला नवऱ्यापासून शय्यासुखाच्या बाबतीतही मोकळीक हवी होती. १४१३ च्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात, दोघे यॉर्ककडून चालत परत येत होती. तिच्या हातात बिअरची बाटली, त्याच्या अंगरख्यात केक. आणि रस्त्याच्या कडेला त्यांचा सौदा ठरला. तो तिच्या शय्येवर हक्क सांगणार नाही. बदल्यात तिने जेरुसलेमला जाण्याआधी त्याची कर्जे फेडावीत आणि दर शुक्रवारी उपास सोडून पूर्वीप्रमाणे त्याच्या पंगतीला बसून जेवावे. कर्जवसुलीच्या खात्यात मी बरीच वर्षे घालवली. पण इतकी माणुसकीची परतफेड माझ्या पाहण्यात नाही. कर्ज फेड आणि शुक्रवारी माझ्याबरोबर जेव! मला त्या बिचाऱ्या नवऱ्याचा लळा लागला, तो त्या शुक्रवारमुळे.

आमच्याही घरात तेव्हा एक तह अडला होता. आम्ही दोघे कॉलेजातले वर्गमित्र, त्यामुळे आमच्यात ‘अहो’ कधी आलेच नाही. तो पुण्यात एका शाळेत गणित शिकवायचा, मी बँकेत अधिकारी. बँकेत बढती म्हणजे बदली. नांदेड, भोपाळ, मग अहमदाबाद. तीन वेळा मिळून अकरा वर्षे मी बाहेर आणि तो मुलीला घेऊन पुण्यात. आजूबाजूच्या घरांत याच्या उलट चाललेले असायचे, म्हणून आमची चर्चा जास्त व्हायची, एवढेच. २०१८ साली तो निवृत्त झाला, २०२० साली मी. आणि मग एकत्र राहायला मोकळे झालेले आम्ही दोघे, कुठे राहायचे यावर अडून बसलो.

राजापूरजवळ त्याचे वडिलोपार्जित घर आहे. जांभ्याच्या भिंती, पुढे अंगण, मागे हापूसची सोळा कलमे. त्याला उरलेले आयुष्य तिथे काढायचे होते. मला पुणे सोडायचे नव्हते. माझी ग्रंथालये, माझे प्रकाशक, माझ्या मैत्रिणी आणि अर्धवट कादंबरी इथे. तीन वर्षे हा विषय रोज चहाबरोबर निघायचा आणि कपाबरोबर धुऊन ठेवला जायचा. ‘‘तू अकरा वर्षं बाहेर होतीस, आता मी म्हणतो तिथे चल,’’ असे तो कधी म्हणाला नाही. पण न म्हटलेली वाक्येही घरात हिंडत असतात. शेवटी मुलगीच वैतागून म्हणाली, ‘‘तुम्ही दोघं कुठेतरी लांब चालायला जा बघू. परत याल तेव्हा काय ते ठरलेलं असेल.’’

तयारीचे सविस्तर सांगत नाही. व्हिसाच्या अर्जात मुक्कामांची जागा दाखवावी लागते आणि या वाटेवरच्या सरकारी धर्मशाळा तर आगाऊ नोंदणी घेत नाहीत, या तिढ्यातून मार्ग काढताना माझा बँकेतला अनुभव कामी आला, एवढे पुरे. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, हा इथला सर्वमान्य नियम. गणिताच्या मास्तरांनी स्वयंपाकघरातला काटा आणून प्रत्येक मोजा तोलला. माझे मार्जरीचे पुस्तक दोनशे ग्रॅम जास्त भरले म्हणून घरी राहिले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

पहिलाच दिवस पिरेनीजचा. पंचवीस किलोमीटर अंतर आणि साधारण बाराशे मीटरची चढण. खाली हिरवी कुरणे, वर जुन्या बर्फाचे पट्टे आणि माणूस हलवून टाकणारा वारा. या खिंडीच्या परिसरात ७७८ साली शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी कापली गेली आणि त्यात रोलां हा सरदार पडला. पिछाडीचे काय होते, याचा प्रत्यय मलाही त्या दिवशी आला.

तो उंच, लांब ढांगा टाकणारा. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर सहज. मी ताशी साडेतीन. पण न थांबता तासन् तास. एकट्याने चालताना दोन्ही चाली उत्तम. एकत्र आल्या की पंचाईत. जो पुढे जातो तो वळणावर थांबतो, पाणी पितो, घाम पुसतो आणि मागचा दिसला की ताजातवाना होऊन उठतो. मागच्याला विसावा मिळतच नाही, कारण तो पोचतो तेव्हा निघायची वेळ झालेली असते. दुसरा उपाय म्हणजे पुढच्याने चाल कमी करायची. त्याने तीन दिवस तेही केले. संध्याकाळी त्याचे गुडघे दुखू लागले. आपल्या गतीपेक्षा हळू चालणे हे जलद चालण्याइतकेच अंगावर येते, हे मला तिथे कळले. आणि माझ्यासाठी कोणी हळू चालते आहे या जाणिवेने मी धावू लागले. म्हणजे दोघेही दुसऱ्याच्या पायांनी चालत होतो.

मग मी वाटेवरची इतर जोडपी न्याहाळू लागले. कादंबरीकाराची ही सवय वाईट म्हणा हवे तर. एक फ्रेंच जोडपे सकाळी धर्मशाळेच्या दारात एकमेकांचा मुका घेऊन निघे. बाई पुढे, बुवा अर्ध्या तासाने मागे. कोरियातून आलेले सत्तरीचे एक आजोबा बायकोच्या वीस पावले पुढे चालत, एकदाही मागे पाहत नसत. पण तिच्या काठीचा टकटक आवाज थांबला की यांचेही पाय थांबत. एक जर्मन जोडपे हातात हात घालून चालायचे. पाम्प्लोना ते लोग्रोन्यो या टप्प्यात त्यांचे जे भांडण झाले, ते ऐकायला जर्मन यावे लागत नव्हते.

दहाव्या दिवशी आम्ही सांतो दोमिंगो दे ला काल्सादा या गावी पोचलो. तिथल्या कॅथीड्रलमध्ये भिंतीत उंचावर एक नक्षीदार खुराडे आहे आणि त्यात जिवंत कोंबडा-कोंबडी ठेवलेली असतात. त्यामागची आख्यायिका अशी. जर्मनीतले एक जोडपे तरण्या मुलाला घेऊन सांतियागोला निघाले होते. इथल्या खाणावळवाल्याच्या मुलीचे मुलावर मन बसले; त्याने नकार दिला. तिने रागाने त्याच्या सामानात चांदीचा पेला लपवून चोरीचा आळ घेतला आणि मुलाला फाशी झाली. आईबाप रडत पुढे सांतियागोला गेले. परत येताना पाहतात तो मुलगा फासावर जिवंत. संताने त्याला खालून आधार दिला होता. दोघे न्यायाधीशाकडे धावली. तो जेवायला बसला होता. म्हणाला, ‘‘तुमचा मुलगा माझ्या ताटातल्या या भाजलेल्या कोंबड्यांइतकाच जिवंत असेल.’’ त्याबरोबर ताटातल्या कोंबड्यांना पिसे फुटली आणि त्या आरवू लागल्या.

लोक हसतात, फोटो काढतात, पुढे जातात. मी मात्र त्या खुराड्याखाली बराच वेळ बसले. माझ्या मनात कोंबड्या नव्हत्या, ते जोडपे होते. या गावापासून सांतियागो सुमारे साडेपाचशे किलोमीटर. मुलाला फासावर लटकते ठेवून ती दोघे एवढे अंतर चालत गेली आणि तेवढेच परत आली. कित्येक आठवडे. या चालण्यात ती एकमेकांशी काय बोलली असतील? ‘तुलाच यात्रेची हौस’ असे कोण कोणाला म्हणाले असेल? बाप पुढे आणि आई मागे, अशी चालली असतील का? आख्यायिकेत याबद्दल अक्षर नाही. आख्यायिकांना चमत्काराची घाई असते. लग्ने मात्र बहुतेक त्या न सांगितलेल्या अकराशे किलोमीटरांत घडतात किंवा मोडतात.

बाहेर आल्यावर हे मी नवऱ्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘‘बोलली नसतील. चालली असतील.’’

बुर्गोस हे मोठे शहर वाटेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. तिथून लेओनपर्यंत मेसेता नावाचे पठार पसरले आहे. सुमारे १८० किलोमीटर गहू, आभाळ आणि वाट. कंटाळा टाळायला बरेच जण हा टप्पा बसने ओलांडतात. बुर्गोसच्या कॅथीड्रलसमोरच्या बाकावर बसून मी म्हटले, ‘‘उद्यापासून वेगवेगळे चालू या.’’

‘‘का? आपलं भांडण झालंय का?’’

‘‘नाही. पण असंच चाललो तर होईल.’’

त्याने विचार केला आणि गणितासारख्या अटी घातल्या. सकाळची कॉफी एकत्र. संध्याकाळचे गाव सकाळीच ठरवायचे. दुपारी एक निरोप, एकच. आणि रात्रीचे जेवण एकत्रच, कितीही उशीर होवो. मला मार्जरीच्या नवऱ्याचा शुक्रवार आठवला. पण तेव्हा बोलले नाही.

मेसेतावर मे महिन्यात गहू गुडघ्याएवढा असतो आणि बांधांवर खसखशीची लाल फुले. चर्चच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची घरटी. कारिऑन दे लोस कोन्देस या गावानंतर सतरा किलोमीटर एकही वस्ती नाही, आडोसा नाही. जुन्या रोमन रस्त्याची सरळ रेघ तेवढी. ती मी एकटी चालले. साठी ओलांडलेल्या किती बायका आयुष्यात सलग पाच तास, कोणी हाक मारणार नाही अशा जागी, आपल्या पायांच्या गतीने चाललेल्या असतात? मला बदलीच्या गावांतही एकटेपण होते. पण तिथे फायली होत्या, फोन होता, घरच्या काळज्या होत्या. हे एकटेपण रिकामे होते, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जेवायला थांबलेले होते.

खरा फरक पडला तो संध्याकाळी. दिवसभर बरोबर चालणाऱ्यांना रात्री सांगायला काही उरत नाही. जे एकाने पाहिले तेच दुसऱ्याने. आता आमच्याजवळ दोन दिवस असायचे, एक त्याचा आणि एक माझा. मसुराचे सूप, बटाट्याचे जाडजूड ऑम्लेट आणि पाव समोर ठेवून आम्ही ते दोन्ही दिवस एकमेकांना सांगायचो. त्या सांगण्यातून मागचे निघू लागले. एका संध्याकाळी त्याने १९९६ सालचे सांगितले. मी नांदेडला होते, मुलगी आठ वर्षांची. तिला कांजिण्या आल्या होत्या आणि तिसऱ्या रात्री ताप उतरेना. तो पहाटेपर्यंत तिच्या उशाशी बसून पाढे म्हणत होता. कारण त्याला गाणी येत नव्हती. हे मला सत्तावीस वर्षांनी, स्पेनमधल्या एका खेड्यात कळले. मी त्याला नांदेडची खोली सांगितली. एका वाटीचा कुकर, आणि रविवारी तेवढ्यासाठी तो लावावासा वाटत नसे म्हणून भाजलेले शेंगदाणे. अकरा वर्षांचा हिशेब काही आम्ही जुळवला नाही. तो जुळतही नसतो. पण दोन्ही वह्या एकमेकांपुढे उघडून झाल्या.

या रीतीला खर्चही होता, तो सांगितला पाहिजे. सरकारी धर्मशाळेत मागून येणाऱ्यासाठी खाट धरून ठेवता येत नाही. ज्याची क्रेदेन्सियाल त्याची खाट. तीन रात्री आम्हाला निरनिराळ्या खोल्यांत झोपावे लागले, एकदा तर निरनिराळ्या इमारतींत. एका दुपारी वादळी पाऊस आला, त्याचा फोन लागेना आणि पुढची दोन तासांची वाट मी कशी चालले ते माझे मला ठाऊक. तो धर्मशाळेच्या पडवीत बसून एका ब्राझिलियन मुलाला गणितातले कोडे घालत होता. काळजी ही मोकळिकीवरची व्याजाची रक्कम आहे. ती माफ होत नाही.

लेओननंतर पुन्हा डोंगर लागतात. फोन्सेबादोन या गावाच्या वर, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, ‘क्रूस दे फेर्रो’ आहे. उंच लाकडी खांब, टोकाला लहानसा लोखंडी क्रूस आणि बुंध्याशी दगडांची टेकडी. घरून आणलेला एक खडा इथे टाकायचा, अशी प्रथा आहे. मनावरचे ओझे त्याच्याबरोबर उतरते म्हणतात. मी पुण्याहून वेताळ टेकडीवरचा चिमुकला खडा आणला होता. नवऱ्याने पिशवीच्या तळातून एक मोठा लाल तुकडा काढला. जांभा! राजापूरच्या घराच्या जोत्याचा. कमीत कमी पाव किलो. माझे पुस्तक दोनशे ग्रॅमसाठी घरी ठेवणारा हा माणूस सुमारे साडेपाचशे किलोमीटर तो दगड पाठीवर घेऊन चालला होता.

मी हसले नाही. त्या करड्या दगडांच्या ढिगात तो लाल तुकडा दुरूनही दिसत होता. तो म्हणाला, ‘‘घर सोडणार नाही मी. एवढा तुकडा सोडतो.’’

पुढचा उतार फार वाईट आहे. सुटे धोंडे, गुडघ्यांची परीक्षा. तेवढा मात्र आम्ही बरोबर उतरलो, मी त्याच्या खांद्याला धरून. त्या उतारावर आमचा तह झाला. जूनपासून तो राजापूरला राहील. मी पुण्यात. गणपतीला आणि आंब्याच्या दिवसांत मी तिकडे. दिवाळी आणि थंडीचे दोन महिने तो इकडे. मधल्या काळात रोज रात्री जेवताना फोन. अकरा वर्षे आम्हाला बँकेने वेगळे ठेवले होते. या खेपेला अंतर आम्ही दोघांनी मिळून ठरवले, आणि ठरवलेले अंतर पायांना निराळे लागते.

सांतियागोचे प्रमाणपत्र मिळायला किमान शंभर किलोमीटर पायी चालावे लागते. त्यामुळे सुमारे एकशे पंधरा किलोमीटर आधीच्या सारिया गावापासून वाटेवर एकदम गर्दी होते. शाळांच्या सहली, क्लब, गाणी म्हणणारे जथे. तिथे मला आपल्या वारीची आठवण झाली. १९७९ साली आईबरोबर मी आळंदीहून पंढरपूरला चालत गेले होते. वारीत आपली गती आपण ठरवत नाही, दिंडी ठरवते. टाळाच्या ठेक्यावर पाय आपोआप पडतो, दमलेल्यालाही मागची माणसे पुढे नेतात. तिथे ‘मी’ विरघळावा अशी रचना आहे. कामिनोवर प्रत्येकाच्या हातात त्याचे स्वतःचे पासबुक. डावे-उजवे करण्याची मला गरज वाटत नाही. पण विसाव्या वर्षी मला पहिली गोष्ट मिळाली आणि साठीनंतर दुसरी, हा क्रम बरा होता असे वाटते.

सांतियागोत यात्रेकरूंच्या कार्यालयात टोकन घेऊन रांगेत बसावे लागते, हे पाहून मी मनापासून सुखावले. आमचे नंबर निरनिराळ्या काउंटरांवर लागले. प्रमाणपत्र लॅटिनमध्ये असते आणि त्यावर नावही शक्यतो लॅटिन रूपात घालतात. आमच्या नावांपुढे लॅटिनने हात टेकले. यात्रेचा हेतू धार्मिक, आध्यात्मिक की आणखी काही, असे विचारतात. त्याने काय सांगितले ते मी विचारले नाही आणि मी काय सांगितले ते त्याने. कॅथीड्रलमधले ते प्रसिद्ध प्रचंड धूपपात्र, जे आठ माणसे दोर ओढून झोके देत हलवतात, ते आमच्या दिवशी हललेच नाही. कोणी हळहळले. आम्ही बाहेर चौकात फरशीवर पाय पसरून बसलो आणि बूट काढले.

आमच्या तहाला आता काही पावसाळे झाले. नातेवाइकांना तो अजून पचलेला नाही. ‘‘या वयात वेगळे राहता? काही बिनसलंय का?’’ असे हलक्या आवाजात विचारतात. मी त्यांना सप्तपदीची आठवण करून देते. विधीमध्ये बरोबर चालायची पावले सातच आहेत. पुढची कशी टाकायची, ते ज्याच्या त्याच्या गुडघ्यांवर सोपवलेले आहे.

मार्जरीची कथा मात्र अर्धवट ठेवता येणार नाही. त्या तहानंतर काही काळाने ती आणि नवरा वेगळी राहू लागली. पुढे साठी ओलांडल्यावर तो एकदा घराच्या जिन्यावरून पडला आणि डोक्याला जबर इजा झाली. गाव मार्जरीला बोलू लागले, ही जवळ असती तर असे झाले नसते म्हणून. तिने त्याला आपल्या घरी आणले आणि तो मरेपर्यंत, काही वर्षे, सांभाळले. त्याला शेवटी लहान मुलासारखे काही समजत नसे. ती त्याचे सारे करी, आणि धुण्याला नि सरपणाला किती खर्च येई आणि त्यापायी प्रार्थना कशी राहून जाई, याची तक्रारही तिने तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. जेरुसलेम, रोम, सांतियागो पाहून आलेल्या त्या बाईची सर्वांत लांब यात्रा मला तीच वाटते. तिचे प्रमाणपत्र कुठल्या कार्यालयात मिळत नाही.

आमच्यापैकी कोणाचा पाय आधी घसरेल, सांगता येत नाही. राजापूर ते पुणे एका रात्रीचा प्रवास आहे. दोघांच्याही घरी दाराशी एकेक पिशवी भरून ठेवलेली असते. तिचे वजन कोणी तोललेले नाही.